ऑप्टिकल डीओ मीटर: भर पावसाळ्यात, खाडीकाठच्या तळ्यावर

ऑप्टिकल डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) प्रकाशाच्या मदतीने मोजणारा मीटर, घ्या, पण त्याच्यासोबत येणारी एक मीटरची केबल घेऊ नका. चार मीटरची मागा, पैसे जास्त पडले तरी. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं पुरे.

मॉडेलचं नाव देत नाही. लाखाच्या आगेमागे मिळणारे, हातात धरून वापरायचे ऑप्टिकल डीओ मीटर साधारण एकाच घराण्यातले असतात. गुण तेच, खोडीही त्याच. आमचा वापर असा: वनामी कोळंबीची तळी सफाळ्याच्या पुढे खाडीलगत आणि प्रयोगशाळा अंधेरीत. तळ्यातला ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो तो पहाटे. रात्रभर कोळंबी, शेवाळ, तळातला गाळ सगळेच तो वापरत असतात आणि नवा काही तयार होत नाही. त्या वेळी मुंबईचा माणूस तिथे हवा तर आदल्या रात्रीचा मुक्काम आला. जूनमध्ये ते जमलं. जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, वसईच्या पुढे गाड्या बंद, आणि आमचं वेळापत्रक कागदावरच राहिलं. त्यामुळे मीटर किती अचूक यापेक्षा, आम्ही पोचलो नाही तर तो कुणाच्या हातात चालतो, हे मला महत्त्वाचं झालं.

तिथे मात्र तो पैकीच्या पैकी पास. तळ्यावरचे राखणदार काका, शिक्षण सातवी, इंग्रजी मेनूशी काही देणंघेणं नाही. त्यांना एवढंच दाखवलं होतं: बटण दाबा, प्रोब (केबलच्या टोकाचा मोजणारा भाग) पाण्यात सोडा, आकडा ठरला की दुसरं बटण. वेळेसकट नोंद आत साठते, शिवाय काका स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे. आकडे मोठे आहेत, मागे उजेड आहे, टॉर्च तोंडात धरावी लागत नाही. आधीचा मेम्ब्रेनवाला (टोकाला पातळ पडदा असलेला) मीटर असता तर हे शक्यच नव्हतं. त्यात प्रोब पाण्यात सारखा हलवत ठेवावा लागतो, नाहीतर मेम्ब्रेनपाशीच ऑक्सिजन संपून आकडा घसरतो. मेम्ब्रेनखाली हवेचा बुडबुडा राहिला की आतलं द्रावण पुन्हा भरा. ऑप्टिकलमध्ये निळा प्रकाश पडून प्रोबच्या टोकाच्या टोपीवरचा रंग चमकतो आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक दबते. हलवणं नाही, द्रावण भरणं नाही.

विंकलर पद्धत, म्हणजे बाटलीतल्या नमुन्यात रसायनं घालून ऑक्सिजन मोजणं, सोडा असं मी म्हणत नाही. १८८८ सालची ती पद्धत आजही मीटरची परीक्षा घेते आणि जूनमध्ये आम्हीही ताडून पाहिलं. पण काचेच्या बाटल्या घेऊन अडकलेल्या लोकलमध्ये बसायचं, नमुना स्थिर केलेला असला तरी त्याचे तास मोजत राहायचं, आणि गाडीत सल्फ्युरिक आम्ल न्यायला तर मुळातच बंदी. पुराच्या दिवसांत ते नकोच.

आता केबल. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या ज्या दुकानातून मीटर घेतला, तिथल्या शेठनी कोटेशन देतानाच सांगितलं होतं, "मॅडम, तळ्यावर नेणार ना? मग एक मीटरची केबल कशाला? ती बीकरमध्ये बुडवायला." त्यांचं खरं होतं आणि मी तसं लिहूनही दिलं. पण खरेदी समितीपुढे तीन कोटेशनं, त्यात जे सगळ्यात कमी ते मंजूर. कमी का, तर केबल आखूड. शेवटी किरकोळ खर्चाच्या रकमेतून लांब केबल आणली, तीही त्याच शेठकडून. दुकानाला माझ्याकडून पूर्ण गुण. माल विकून मोकळे होत नाहीत. हवेत कॅलिब्रेशन (मीटरचा आकडा बरोबर लावून घेणं) कसं करायचं ते काउंटरवरच करून दाखवलं: प्रोबवर चढवायच्या बाहीतला स्पंज ओला, पण टोपीवर थेंब नको.

लांब केबलने काय फरक पडला? जोराच्या पावसानंतरची पहिलीच सकाळ. काका चेक ट्रेच्या (खाद्य तपासायच्या ताटाच्या) फळीवर उभे, मी फोनवर. वरच्या पाण्यात आकडा लिटरमागे ६.२ मिलिग्रॅम. प्रोब तळापर्यंत सोडायला सांगितला: २.४. मिनिटभर थांबून पुन्हा बघायला लावलं, तोच. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता (पाण्याचा खारेपणा, हजारात किती भाग) पाहिली: वरचं पाणी सहा, तळाच्या बाटलीतलं सतरा. काका म्हणाले, "वर गोडं, खाली खारंच हाय अजून." पावसाचं हलकं पाणी वर तरंगत राहतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही आणि वरचा ऑक्सिजन तळाला पोचत नाही. कोळंबी तर तळाला. वीज गेलेली, म्हणून पाणी घुसळणारी पॅडल व्हील बंद. काकांनी जनरेटर लावला, आणि ओहोटी लागल्यावर उघाडीच्या (तळ्याच्या पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून गोडं पाणी खाडीत सोडलं. उधाणाची भरती असती तर तेही जमलं नसतं, कारण तेव्हा खाडीचंच पाणी वर असतं. आखूड केबलवर आम्ही ६.२ वाचून खूश झालो असतो.

आता नापसंती. क्षारता हाताने भरावी लागते आणि तो पर्याय मेनूत इतका खोल दडलाय की फोनवरून कुणाला सांगणं म्हणजे शिक्षा. ऑप्टिकल प्रोब मोजतो तो ऑक्सिजनचा दाब. त्यावरून लिटरमागे किती मिलिग्रॅम हे मीटर तापमान आणि क्षारता धरून काढतो. पाणी जितकं खारं तितका ऑक्सिजन कमी मावतो. म्हणजे मीटरमध्ये २२ भरलेलं आणि पावसाने पाणी ९ वर आलं, तर तीस अंशाला आकडा सुमारे सात टक्के कमी दिसतो. काका प्रत्येक नोंदीबरोबर क्षारता पाठवायचे आणि तापमान मीटर साठवतोच, म्हणून नंतर दुरुस्ती करता आली. पण एवढ्या किमतीत क्षारतेचा सेन्सर जोडीला असायला हवा होता. ज्यांची तळी गोड्या पाण्याची, रोहू-कटल्याची, त्यांना या परिच्छेदाशी काही कर्तव्य नाही.

पाण्यापासून बचाव आयपी६७ दर्जाचा आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. आमचा मीटर बांधावरच्या चिखलात पडला, धुतला, चालला. मात्र यूएसबीचं रबरी झाकण घट्ट बसलंय की नाही हे दर वेळी बघा. तिथूनच पाणी शिरतं.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल काय बोलू? सेवा केंद्र अंधेरी पूर्वेला, आम्ही पश्चिमेला. पाऊस वाढला की रुळांखालचा सबवे बंद आणि इंजिनिअरचं ठरलेलं उत्तर, "मॅडम, पाणी ओसरलं की येतो." पाणी ओसरलं, तो आला नाही. शेवटी आमचा प्रोजेक्ट असिस्टंट मीटर पाठीवर टाकून स्टेशनचा पूल ओलांडून गेला. टोपी बदलायची होती फक्त, तीही बाहेरून मागवावी लागते म्हणून वेळ गेला. त्यामुळे घेतानाच जास्तीची टोपी घेऊन ठेवा, मेच्या आत, आणि डब्यावरची बनवल्याची तारीख वाचा. जुना साठा गळ्यात मारतात.

भाव विचाराल तेव्हा जीएसटी धरून विचारा. टोपी वेगळी, केबल वेगळी. बॅग फुकट देतात, पण ती पाणी धरते. मासळीवाल्यांकडचा झाकणाचा थर्माकोल डबा तिच्यापेक्षा बरा.