मांजरपाटाची पॉपकॉर्न पिशवी: घ्या, पण आधी पिन काढा

मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न फोडायची ही मांजरपाटाची, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाची पिशवी चांगली आहे, 180 रुपयाला काय वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढंच पाहिजे ते इथूनच दुकानात जातील. फक्त घरी आणल्या आणल्या कोपऱ्यावरची किमतीची चिठ्ठी बघा, ती स्टेपलरच्या पिनेनं मारलेली असते. मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या वस्तूला लोखंडी पिन! शिवणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "ते दुकानवाल्यानं मारलंय की ओ, आमचं नव्हे ते." कुणी का मारेना, ठिणगी उडाली तर आपल्या घरात उडणार. दुकानाचं नाव म्हणूनच लिहीत नाही, पिनेवरून उगीच भांडण नको, बेळगावात खडेबाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारत गेलात की सापडेल.

शहापूरच्या मावशी आणि त्यांच्या मैत्रिणी मिळून या शिवतात. दोन पदरी मांजरपाट, चेन नाही, बटण नाही, वेलक्रो नाही, तोंडाला एक झडप आहे ती आत दुमडायची, बस्स. पाव कप दाणे (साधारण 50 ग्रॅम) टाकायचे, झडप दुमडायची, काचेच्या ताटलीवर आडवी ठेवायची. तेल तूप काही नाही. मला शंका होती दोऱ्याची, कारण आजकाल सगळे टेलर पॉलिस्टरचाच दोरा वापरतात आणि तापलेल्या दाण्याजवळ तो वितळायची भीती, म्हणून आतल्या शिलाईचं एक लोंबणारं टोक कापून काडीनं पेटवून बघितलं. भुरकन जळलं आणि बोटाला लावलं तर राख. पॉलिस्टर असता तर आखडून काळी कडक गोळी झाली असती. म्हणजे दोरा सुती आहे, इथं मावशींना पैकीच्या पैकी मार्क. कापडही आधी धुवून खळ काढलेलं दिसतंय, कारण पहिल्या धुण्यात पिशवी आटली नाही.

आता तुम्ही म्हणाल तयार पाकीट मिळतंय की, हे कशाला. मिळतं, आणि खरं सांगायचं तर दाणे फुटायच्या बाबतीत पाकीटच भारी पडतं, ते का ते पण सांगते. त्या कागदी पाकिटाच्या तळाला एक करडी पट्टी असते ना, तिच्यात प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा अगदी पुसटसा थर दिलेला असतो, तो मायक्रोवेव्हमध्ये तव्यासारखा तापतो आणि दाण्याला खालून चटका देतो. म्हणून तर पाकिटावर कुठली बाजू वर ते छापलेलं असतं. कापडाच्या पिशवीत हा तवा नाही, दाण्याला स्वतःच्या आतल्या पाण्यावरच तापायचं असतं, त्यामुळे तळाला चमचा दोन चमचे दाणे न फुटलेले राहणारच. ज्यांना एक दाणा वाया गेला तरी चुटपुट लागते त्यांनी कढईच बरी. पण पाकिटात मीठ, तेल, वास सगळं त्यांच्या मनानं घातलेलं, आणि कागदातून तेल झिरपू नये म्हणून बऱ्याच वर्षं जी पीएफएएस नावाची रसायनं वापरायचे त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्यानं, फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं की तिथं खाण्याच्या कागदी पॅकिंगला ती विकणं आता बंद झालंय. घरात लहान पोरं आणि आठवड्याला पॉपकॉर्न असलं की माणूस जरा विचार करतो.

बाकी पॉपकॉर्न आणि मायक्रोवेव्हची गाठ जुनी आहे. 1945 च्या सुमाराला मायक्रोवेव्ह ओव्हनचा शोध लावणाऱ्या, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरनं मायक्रोवेव्हवर सुरुवातीला जे पदार्थ करून बघितले त्यात पॉपकॉर्न होतं, आणि 1949 च्या त्याच्या एका पेटंटात तर मक्याचं अख्खं कणीसच पिशवीत घालून फोडायची आयडिया आहे. म्हणजे पिशवी आधी कणसासाठीच सुचली होती म्हणा.

आता खरा मुद्दा, या पिशवीची डिझाइन. पॉपकॉर्नच्या दाण्यात 14 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, साल टणक असल्यामुळे वाफ आतच कोंडते, दाणा साधारण 180 डिग्रीला पोचला आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊएक पट झाला की साल फाटते आणि आतलं शिजलेलं पीठ फसकन फुगून बाहेर येतं. तर ती वाफ जाते कुठं? सगळी गोम इथंच. माझ्याकडे आधी ऑनलाइन मागवलेलं सिलिकॉनचं घडीचं भांडं होतं, त्याला घट्ट झाकण, वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत लाह्यांवर ठिबकायची, आणि गरम असताना बऱ्या वाटणाऱ्या लाह्या पाच मिनिटांत वातड. मांजरपाट वाफ पिऊन घेतो आणि बाहेरही सोडतो. पिशवी बाहेर काढताना हाताला दमट लागते पण आतल्या लाह्या कुरकुरीत, वाटीभर उरल्या तर संध्याकाळपर्यंत चालतात. नुसत्या या एका कारणासाठी मी सिलिकॉनचं भांडं माळ्यावर टाकलं.

पण झडप चार बोटांची आहे आणि ती कमी पडते. लाह्या फुगायला लागल्या की पिशवी गच्च होते, झडप हळूहळू बाहेर सरकते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात दाणे मायक्रोवेव्हभर उडतात. आमच्या सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, "काय करूलालीस गं, फटाके लावलीस काय?" झडप वीतभर पाहिजे, म्हणजे दोनदा दुमडून खाली दाबता येईल आणि वाफेला दुमडीतून वाट पण राहील. बटण लावा असं कुणी सुचवेल, नको, बटणानं तोंड आवळलं तर वाफ अडली आणि परत सिलिकॉनवालीच गत. दुसरं म्हणजे तळ सपाट आहे. दोन कापडं नुसती जोडून टीप मारल्यामुळे दाणे आत पसरतात आणि कडेचे थंडच राहतात, एकमेकांना चिकटून ढीग करून बसले तर एकाची ऊब दुसऱ्याला मिळते. तळाला चार बोटं रुंद पट्टी जोडली तर दाणे मध्ये गोळा होतील आणि वर फुगायला जागाही मिळेल. रुंदी मात्र वाढवू नका मावशी, आताच आमच्या 20 लिटरच्या मायक्रोवेव्हमध्ये फुगलेली पिशवी भिंतीला घासून ताटली फिरायची थांबते.

सोबत चिठ्ठी आहे, एका बाजूला कन्नड एका बाजूला मराठी, हे छान केलंय. पण तिच्यावर नुसतं "3 मिनिटे" लिहिलंय. कुणाकडे 700 वॅटचा मायक्रोवेव्ह, कुणाकडे 900 चा, 3 मिनिटं म्हणजे एकाकडे कच्चं आणि एकाकडे कोळसा. कान द्यायचा, दोन फटफटींच्या मध्ये दोन सेकंदांची फट पडायला लागली की बंद. आणि राहिलेले दाणे परत त्याच पिशवीत घालून फिरवू नका, त्यांच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, फुटत तर नाहीतच वर कापडाला तपकिरी डाग पाडतात. मध्येच करंट गेला तरी तेच, आला की जे फुटलंय ते काढून घ्या. हे सगळं चिठ्ठीवर पाहिजे होतं.

दाण्यांचं म्हणाल तर रविवार पेठेत सुटे मिळतात, पण विचारून घ्या पॉपकॉर्नचाच मका आहे ना. आपल्या बैलहोंगल सौंदत्तीकडं शेतात जो मका दिसतो तो नाही असा फुटत. आणि दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उघडे राहून सुकले की पिशवीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

धुण्याचं थोडं कटकटीचं. पिशवीत तूप घालू नका, ते कापडात मुरतं, खवट वास मारतं आणि तेलकट कापड मायक्रोवेव्हमध्ये तापवणं धोक्याचंच. आम्ही लाह्या पातेल्यात ओतून मग वरून चमचाभर पातळ तूप आणि शेंगाची चटणी घालतो, चटणीमुळे मीठ वेगळं लागत नाही, करून बघा एकदा. तूप नसलं की पिशवी रोज धुवायची गरज पडत नाही, झटकली आणि उलटी करून वाळत टाकली की झालं. धुवायची तेव्हा वासाचा साबण किंवा कंफर्ट बिंफर्ट नको, पुढच्या लाह्यांना गुलाबाचा वास येतो. आणि बेळगावचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, जुलैमध्ये दोन पदरी मांजरपाट वाळता वाळत नाही, दमट घडी करून ठेवली तर काळे ठिपके पडतात. दोन पिशव्या घ्याव्या लागतात त्या यासाठी.

झडपेचं आणि तळाच्या पट्टीचं मी मावशींना कागदावर काढून दिलं. त्यांनी उलट विचारलं, "एवढं कापड जास्त लागतंय, 20 रुपये वाढवलं तर घेतील काय लोक?" मी तर 200 ला घेईन. सध्या दुकानात जुन्याच मापाच्या आहेत, मोठ्या झडपेची पाहिजे तर मावशी ऑर्डर घेतात, पण श्रावण लागायच्या आत सांगा, एकदा सणांच्या ब्लाउजांची कामं सुरू झाली की त्या दिवाळीपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत.