सहा महिने उभी गाडी आणि माझे ३७,००० रुपये

आधीच सांगतो, मी काही अगदीच बावळट नाही. ३१ वर्षं बँकेत दुसऱ्यांची व्हाउचरं लाल शाईने परत पाठवली. तरी पुण्यात, घरापासून दीड किलोमीटरवर, एका गॅरेजवाल्याने मला ३७,००० रुपयांना उभा कापला.

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं सहा महिने अमेरिकेत होतो. गाडी, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, सोसायटीत आंब्याखाली. आल्यावर बॅटरी ठार. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप स्टार्ट केली तर इंजिन हिवताप भरल्यासारखं थडथडायला लागलं आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. (हा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, भाजून काढतं, आणि तो भलता महाग असतो.) चार दिवसांवर कराडला भाच्याचं लग्न होतं, म्हणून जो जवळ सापडला त्याच्याकडे गेलो. घाई होती हो.

त्याने स्कॅनर लावला. पडद्यावर बिघाडाचा एकच कोड, पी०३०२. मी फोटोसुद्धा काढला! म्हणजे फक्त दुसरा सिलिंडर मिसफायर, त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. सगळेच आलटून पालटून चुकत असते तर पी०३०० आला असता. हे आज कळतंय. तेव्हा तो म्हणाला, "काका, उभ्या गाडीत पेट्रोलचा डिंक होतो. चारही इंजेक्टर जाम. ईसीएमपण उडालाय." (इंजेक्टर सिलिंडरला पेट्रोल फवारतो, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.) अर्धं खरं असतं तेच पटतं. जुनं पेट्रोल खराब होतंच की.

इंजेक्टर १९,२००, ईसीएम दुरुस्ती १२,५००, थ्रॉटल बॉडी सफाई १,८००, मजुरी ३,५००. सगळे रोख, कारण "यूपीआयची लिमिट संपलीय काका." कच्चं बिल, जीएसटी नंबर नाही. कच्च्या बिलावर रोख देऊच नका, कुणालाही.

जुने पार्ट मात्र मी मागून घेतले, एवढा शहाणा होतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार इंजेक्टर. घरी पुडी उघडली, हात लावला, बोटं हुंगली. पेट्रोलचा वास नाही. ठणठणीत कोरडे, वर जुनी धूळ. सकाळी गाडीतून निघालेला इंजेक्टर संध्याकाळी असा असतो? बायको म्हणाली, "अहो, हे आपलेच कशावरून?" मी तिच्यावरच डाफरलो. गाडी तेव्हा त्याच्याच ताब्यात होती आणि निम्मे पैसे माझ्या खिशात. तिथेच थांबायला हवं होतं. बोटं परत हुंगली आणि हात धुतले.

दोन दिवसांनी शिरवळच्या अलीकडे पुन्हा थडथड. लग्नाला एसटीने गेलो.

नंतर मेव्हण्याच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि आधी हसलेच. फ्युएल रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, बोल्टांवरचा मातीचा थर जसाच्या तसा! ती सोडल्याशिवाय इंजेक्टर निघत नाहीत. पाना लागलाच नव्हता. त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) पहिल्यावर चढवली, पहिल्याची दुसऱ्यावर. कॉइल खराब असती तर कोड पी०३०१ झाला असता. झाला नाही. मग प्लगची अदलाबदल, तरी तोच. मग वायरिंगची टेप सोडली. दुसऱ्या इंजेक्टरची वायर उंदराने कुरतडलेली, तांब्याच्या दोन तारांवर लटकत होती. शेजारी लेंड्या आणि शेंगांची टरफलं. वायर नि कपलर ४५०, चार प्लग ७२०, मजुरी ६००. एकूण १,७७०. कॉइलची ही अदलाबदल तुमच्यासमोर करायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. नाही म्हणाला तर गाडी टो करून न्या, तेही स्वस्त पडेल.

आता पुढचा तमाशा. चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." म्हटलं, अहो, पार्ट न बदलता पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? साहेबांनी चहा मागवला, स्वतःसाठी. दोन तासांनी एक अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या हवालदाराकडे, आणि तो बंदोबस्ताला. तीन खेपा मारल्या. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नंबर मिळाला, १९ दिवसांनी मेसेज आला: तक्रार बंद. कारण? गॅरेजचा ई-मेल उपलब्ध नाही. चोराने ई-मेल ठेवला नाही म्हणून चोरी झाली नाही! ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, पण वकील पहिल्याच वाक्यात म्हणाले, "पक्कं बिल आहे?"

महिनोन्‌महिने गाडी ठेवून जाणार असाल तर बॅटरीची वायर काढा, आणि परतल्यावर किल्ली फिरवण्याआधी टॉर्च घेऊन बॉनेटखाली बघा.

ते चार इंजेक्टर माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कुणाच्या गाडीचे आहेत, देव जाणे.