मार्सेयाँ: बीच राहू दे, लगूनच्या काठी बसा

आधी एक क्लिअर करते, हे मार्सेय नाही. मार्सेय म्हणजे ते मोठं बंदर, हे मार्सेयाँ, फ्रान्सच्या दक्षिणेला आग्द आणि सेतच्या मधलं छोटं गाव, तिकीट काढताना नीट बघा. त्यात परत दोन मार्सेयाँ आहेत, जुनं गाव लगूनच्या (समुद्रालगतच्या खाऱ्या तळ्याच्या) काठी, आणि मार्सेयाँ-प्लाज पाच-सहा किलोमीटरवर भर समुद्रावर, म्हणजे कॅम्पिंग, आइस्क्रीम, घसरगुंड्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही. बुकिंग करताना नकाशा उघडून बघा नाहीतर स्वस्त दिसलं म्हणून घ्याल आणि पोचाल भलतीकडेच. माझा रिव्ह्यू जुन्या गावाचा. प्लाजची वाळू छान आहे, पण वेंगुर्ल्याच्या माणसाला वाळूचं काय कौतुक.

आम्ही तुलूझला राहतो, नवरा विमानं बनवणाऱ्यांकडे, तुलूझमधल्या निम्म्या मराठी घरांसारखंच. घराजवळून कॅनाल द्यू मिदी जातो, संध्याकाळचं चालणं त्याच्याच काठाने, आणि हा कालवा 240 किलोमीटर जाऊन संपतो तो बरोब्बर ह्या गावाशेजारी, एताँ द तो नावाच्या खाऱ्या लगूनमध्ये. तर आई-बाबा आले होते तेव्हा म्हटलं पॅरिस झालं, आयफेल झाला, आता जरा आपलं ओळखीचं पाणी कुठे जातं ते बघू. रिके नावाच्या माणसाने 1666 ला हा कालवा हाती घेतला, तो मिठाच्या कराची वसुली करायचा, स्वतःचा पैसा ओतला, आणि 1681 ला कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी गेला बिचारा. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे ही गोष्ट त्यांना इतकी लागली की पुढचा अर्धा तास ते बिल न मिळालेल्या कॉन्ट्रॅक्टरांच्या कहाण्या सांगत होते.

जिथे कालवा संपतो त्या जागेला लेझ ओंग्लू म्हणतात, गावापासून चालत किंवा सायकलने जाता येतं. छोटासा दीपस्तंभ, धक्का, बांधलेल्या बोटी, बास. कमान, पुतळा, सेल्फी पॉइंट काही नाही. वाटेत सावलीची अपेक्षा मात्र ठेवू नका, कालव्याच्या काठची ती प्रसिद्ध प्लेनची (चिनारच्या जातीची) झाडं बुरशीच्या रोगाने मरतायत, एकूण बेचाळीस हजारांच्या आसपास होती आणि 2006 पासून तोडत चाललेत, नवीन लावतायत पण ती मोठी व्हायला वेळ लागणार. टोपी, पाणी बरोबर घ्या. भाड्याच्या बोटीने कालवा करणारे लोक इथून पुढे लगून ओलांडून सेतकडे जातात, पण वारा सुटला की सोडत नाहीत, आणि इथे वारा म्हणजे त्रामोंतान, वायव्येकडून येतो तो दिवसदिवस थांबत नाही. आम्ही होतो तेव्हा एक जर्मन कुटुंब धक्क्यावर तोंड पाडून पत्ते खेळत बसलं होतं.

गावाचं बंदर म्हणजे एक चौकोनी गोदी, भोवती काळ्या दगडाची जुनी घरं. हा दगड आग्दच्या जुन्या ज्वालामुखीचा बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, त्यामुळे भिंती बघून आईला एकदम घरच्यासारखं वाटलं. बंदरावर रेस्टॉरंट्स ओळीने आहेत, त्यातल्या एकाचं नाव घेत नाही पण तिथे आम्ही दोन वाजून पाच मिनिटांनी गेलो तर किचन बंद, खुर्च्या रिकाम्या, शेफ बाहेर सिगरेट ओढतोय आणि आपल्याला एक सँडविचसुद्धा नाही. फ्रान्समध्ये राहून सवय झालीय तरी राग येतोच. बारा ते दोन, लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा, कालवं, म्हणजे ऑयस्टर. ह्या लगूनमध्ये लोखंडी रुळांचे सांगाडे उभे केलेत, काठावरून बघितलं तर पाण्यात कोणीतरी मांडवच्या मांडव घालून ठेवलेत असं वाटतं, आणि त्या सांगाड्यांना दोऱ्या टांगलेल्या, दोरीला कालवांची पिल्लं सिमेंटने चिकटवलेली, तीन-तीनच्या झुबक्याने. हो, सिमेंटने, हाताने, एकेक. मी कालवं विकणाऱ्या बाईला दोनदा विचारून घेतलं. आपल्याकडे ओहोटीला बायका खडकांवर जाऊन कोयत्याने कालवं काढतात, इथे ओहोटीच नाही कारण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावालाच, म्हणून कालवं कायम पाण्यात टांगलेली, खात राहतात आणि भराभर वाढतात. पण त्याचा तोटा असा की कधी उघड्यावर राहायची वेळच आली नाही तर शिंपला घट्ट मिटून धरायची सवय लागत नाही. म्हणून काही जण मुद्दाम दोऱ्या पाण्याबाहेर काढून ठेवतात, आणि इथल्या तार्बूरिएच कुटुंबाने तर सोलर पॉवरवर दोऱ्या वरखाली करणारी यंत्रणाच बसवलीय, म्हणजे मशीनची भरती-ओहोटी! त्यांच्या कालवांना गुलाबीसर रंग येतो आणि मांस जरा टणक, गोडसर. महाग आहेत. एकदा खाऊन बघा, रोज परवडणार नाहीत.

साधी कालवं उत्पादकांच्या शेडमध्येच खावीत असं माझं स्पष्ट मत. लाकडी बाकं, समोर लगून, प्लेटमध्ये बर्फ, लिंबू, ब्रेड-बटर आणि शेजारच्या पिने गावच्या द्राक्षांची पिकपूल वाइन, पांढरी, आंबटसर, कालवांबरोबर अशी जाते की विचारू नका. बंदरावरच्या रेस्टॉरंटपेक्षा दर बराच कमी आणि माल समोरून येतो. विकायच्या आधी कालवं स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवतात, तरी पोट नाजूक असेल, प्रेग्नंट असाल तर कच्ची नकोच, उगाच हिरोगिरी करू नका.

आईने प्लेट बघितली आणि म्हणाली, "गो, ह्ये कच्चेच खातत?" मी म्हटलं हो, जिवंतच असतात, लिंबू पिळलं की कड आकसते. तिने बाकच सोडलं. बाबांनी डोळे मिटून एक गिळलं आणि "समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं लागतं" एवढंच बोलले, मग अजून चार खाल्ली. आईने शेवटी दोन किलो बांधून घ्यायला लावली, खोलीला किचन होतं, तिच्या बॅगेत मालवणी मसाला होताच (तो कुठल्याही देशात जातो), आणि संध्याकाळी कांदा, कोकम, टिनमधलं नारळाचं दूध घालून तिने जे केलं ते मी खाल्लेल्या कुठल्याही फ्रेंच जेवणाला भारी होतं, हे माझं अधिकृत मत आणि पिकपूल त्याच्याबरोबरही चालते. उघडायला मात्र जीव गेला, इथली कालवं मूळ जपानी जातीची, शिंपला मोठा आणि कडा धारदार, सुरी तिथूनच विकत घ्या आणि हातात जाड फडकं धरा.

न्वायी प्रा कंपनीचं वर्मुथ, म्हणजे वनस्पती-मसाले घातलेली वाइन, इथेच बनतं, बंदरालगतच. मार्टिनी पिणाऱ्यांना बाटली माहीत असेल. मी वाइन फॅक्टरी टूर्सना कंटाळलेली बाई आहे पण ही वेगळी आहे. जोझेफ न्वायीने 1813 मध्ये रेसिपी काढली, तेव्हा वाइन जहाजाच्या डेकवर उन्हापावसात प्रवास करायची आणि चव बदलून पोचायची, तर ह्यांनी तेच जमिनीवर करायचं ठरवलं. मोठ्या अंगणात ओळीने ओकची पिंपं, वर छप्पर नाही, वर्षभर ऊन, वारा, पाऊस. थोडीफार वाइन उडून जाते, ते मान्यच. मग त्यात कॅमोमाइल, कडू संत्र्याची साल, जायफळ, धणे असल्या वनस्पती आणि मसाले भिजवतात, वासाच्या खोलीत बाबांनी एकेक वास घेऊन ओळखला आणि आई म्हणाली आमच्या मसाल्याच्या डब्यात ह्यातलं निम्मं आहे. शेवटी टेस्टिंग असतं. हिवाळ्यात बंद असू शकतं, आधी बुक करा.

आता कुरकुर. गाडी नसेल तर त्रास आहे, तुलूझहून ट्रेन आग्दपर्यंत नीट येते पण पुढे बस, आणि रविवारी बसची वाट बघणं म्हणजे नशीब आजमावणं. संध्याकाळी डास, लगून आहे, असणारच, ओडोमॉससारखं काहीतरी न्याच. शाकाहारी लोकांचे हाल आहेत, बकरीच्या चीजचं सॅलड आणि फ्राइज ह्याच्या पुढे मेनू जात नाही, मंगळवारी सकाळी बाजार भरतो तिथून भाज्या, ऑलिव्ह, फळं घेऊन खोलीवर करून खा. सेतची तियेल मिळाली तर घ्या, टोमॅटोत शिजवलेला ऑक्टोपस आत भरलेली छोटी गोल पाय (pie), थोडी तिखट, गार झाली तरी चालते, ट्रेनमध्ये खायला बेस्ट.

कधी जावं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. भर उन्हाळ्यात नको, गर्दी तर आहेच पण कालवं अंडी धरतात आणि आत दुधाळ होतात, सगळ्यांना ती चव आवडत नाही. आणि कडक उन्हाळ्यात वारा पडला की पाण्यातला ऑक्सिजनच संपतो, मालेग म्हणतात त्याला, 2018 च्या उन्हाळ्यात तसं झालं तेव्हा लगूनमधले शिणाणे (मसल्स) जवळजवळ सगळे मेले आणि कालवंही टनावारी गेली. शेडमधली बाई तो उन्हाळा सांगताना सुरी खाली ठेवून सांगत होती, त्या वर्षी नाताळात विकायला काय उरणार हाच घोर होता म्हणे. तेव्हा तुम्ही गेलात आणि एखाद्या शेडवर आज कालवं नाहीत अशी पाटी दिसली तर हुज्जत घालू नका, पुढच्या शेडवर विचारा, आणि तिथेही नसतील तर पिकपूलची बाटली घेऊन ओंग्लूच्या धक्क्यावर जा, ग्लास मात्र खोलीवरूनच न्या.