पेट शॉप मस्त, पण ‘बेंगॉल’ जातीच्या मांजराच्या पिल्लाच्या नादी लागू नका
दुकान स्वच्छ आहे, वास अजिबात नाही, खाणं आणि लिटर (मांजराच्या शी-शूची वाळू) बाहेरपेक्षा स्वस्त. पण मालक अंगावर बारीक उभे पट्टे आणि कपाळावर इंग्रजी एमसारखी खूण असलेलं साधं टॅबी (पट्टेरी) पिल्लू बेंगॉल म्हणून गळ्यात मारतायत, अहो बेंगॉलला ठिपके नाहीतर बिबट्यासारखी रोझेट्स (गोलसर डाग) असतात किंवा मग मार्बल (संगमरवरासारखा) पॅटर्न, असले पट्टे तर आमच्या गल्लीतल्या बोक्यालाही आहेत आणि तो फुकट आहे! वाघासारखे पट्टे म्हणाल तर ती टॉयगर, १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात ज्युडी सगडेन बाईंनी तयार करायला घेतलेली जात. पेडिग्रीचे (वंशावळीचे) पेपर मागितले तर म्हणे नंतर व्हॉट्सॲप करतो. पिल्लू गोड होतं हां, बाहीत नखं अडकवून सोडेचना. सामान घ्यायला बिनधास्त जा.