नातीच्या कार-सीटचा अकरा महिन्यांचा रिपोर्ट

मी 31 वर्षं भोसरीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. त्यामुळे वस्तू घरात आली की आधी उलटी करून लेबल वाचायची आणि मग बसायचं, ही खोड गेलेली नाही. गेल्या गुढीपाडव्याला नातीसाठी, म्हणजे आमच्या चिऊसाठी, गाडीत बसवायची सीट घेतली. आता अकरा महिने झाले. कर्वेनगर-कोथरूडच्या रोजच्या फेऱ्या, दर पंधरा दिवसांनी चिंचवड आणि तीनदा वाई एवढा वापर झालाय. म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काही तक्रारी आहेत, आणि त्यातल्या अर्ध्या सीटच्या नसून बसवणाऱ्याच्या आहेत. त्यापेक्षा काय बघून घेतली ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या नावाचीही पारखता येईल.

सीट पुढे तोंड करून बसायची आहे. मागच्या बाजूला नारिंगी लेबल, त्यावर गोलात इंग्रजी ई, खाली आर 129 हा मुलांच्या सीटच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम आणि उंची 76 ते 150 सेंटिमीटर. 105 सेंटिमीटरपर्यंत सीटचेच पाच टोकांचे पट्टे वापरायचे, त्यापुढे ते काढून गाडीचा पट्टा. बिल 14,500 रुपये. ऑनलाइन 900 रुपयांत कापडी गादीला चार पट्टे शिवलेला एक प्रकार मिळतो, तो आमच्या शेजाऱ्यांनी आणलाय. मी तो उलटसुलट करून पाहिला. लेबल एकच सापडलं, धुण्याच्या सूचनांचं.

दोन वर्षांची होईपर्यंत चिऊ पाठमोऱ्या सीटमध्ये बसायची. ती मुलाच्या मित्राकडून उसनी आणली होती. त्यांची गाडी कधी ठोकली गेलेली नाही हे माहीत होतं म्हणूनच आणली, नाहीतर जुनी सीट घेऊ नये. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कच्ची असते. पाठमोरं बसलं की धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. खरं तर आणखी वर्षभर तशीच बसवायला हवी होती. पण आमच्या हॅचबॅकमध्ये ती सीट बसवली की पुढची सीट इतकी सरकवावी लागायची, की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे. तिथे मी हरलो. पाठमोरी सीट पुढे ड्रायव्हरशेजारी का नाही लावली, असं एकानं विचारलं होतं. समोर एअरबॅग चालू असताना ते कधीही करायचं नाही. बॅग उघडते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच.

आता दुकान. कर्वे रस्त्यावरचं लहान मुलांच्या सामानाचं मोठं दुकान, नाव नको. माणसं गोड. सीट घेतल्यावर पोरगा खाली आला आणि दहा मिनिटांत बसवून दिली. आयसोफिक्सचे, म्हणजे पट्ट्याविना सीट थेट गाडीला अडकवायच्या पद्धतीचे, दोन हात गाडीच्या सीटच्या फटीतल्या लोखंडी कड्यांत टकटक असे दोनदा वाजले, दोन्हीकडची लाल खूण हिरवी झाली. इथपर्यंत उत्तम. सीटच्या डोक्यामागून एक तिसरा पट्टा येतो, तो त्यानं मागे डिकीत नेऊन अडकवला, ओढून ताणला आणि म्हणाला, "काका, आता हत्ती बसवा."

घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन डिकी उघडली. पट्टा डिकीच्या बाजूच्या एका प्लॅस्टिकच्या हुकात होता. भाजीची पिशवी अडकवतो ना, त्या हुकात. आणि हुकावर बारीक अक्षरात कोरलेलं होतं: 3 किलो.

मी ते दोनदा वाचलं. मग मुलाला हाक मारली, त्यालाही वाचायला लावलं. गाडीचं पुस्तक काढलं. त्या पट्ट्यासाठीची खरी जागा मागच्या सीटच्या पाठीवर खालच्या अंगाला होती, कार्पेटला दिलेल्या चिरेच्या आत बोटाएवढ्या जाड लोखंडाची कडी. पुस्तकात तिथे जहाजाच्या नांगराचं चित्र काढलेलं आहे. गाडी 2020 सालची, पाच वर्षं आमच्याकडे, आणि ती कडी घरात कोणी पाहिली नव्हती. गाडी अचानक थांबली की सीटचं बूड खालच्या कड्यांमुळे जागेवर राहतं, पण डोकं पुढे झुकतं. ते झुकणं हा तिसरा पट्टा अडवतो. प्लॅस्टिकच्या हुकानं काय अडवलं असतं?

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पोराला डिकीचा फोटो दाखवला. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, आम्हाला कोणी शिकवलंच नाही, व्हिडिओ बघून बसवतो. त्याच्यावर मला राग काढता येईना. मालकांना मात्र सांगितलं, की साहेब, 14,500 ची वस्तू विकता तर एक दिवस पोरांना पुस्तक वाचायला द्या. ते हो म्हणाले. पुढचं माहीत नाही. म्हणून विक्रीनंतरच्या सेवेला माझ्याकडून पाचपैकी एक, तोही पोरानं खोटं बोललं नाही म्हणून.

सीट बसली की नाही ते तपासायला यंत्र लागत नाही. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून जोरात हलवायची. इंचभरापेक्षा जास्त हलली तर बसलेली नाही. मुलाचे पट्टे ताणल्यावर खांद्यावर चिमटीत धरायला जावं. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर सैल. पुढे तोंड असलेल्या सीटला खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून यावेत, पाठमोरीला पातळीला किंवा खालून. आमच्या सीटला डोक्याचा भाग वर सरकवला की पट्टेही वर सरकतात, ही रचना मला फार आवडली. थंडीत एक गोष्ट लक्षात आली. जाड स्वेटरवरून पट्टे ताणले की घट्ट वाटतात, स्वेटर काढून बघावं तर पंजा आत जातो. तेव्हापासून आधी पट्टे, मग वरून शाल.

खरी अडचण सीटची नव्हती, आमच्या मंडळींची होती. "मी घेते की मांडीवर. आमची चार पोरं काय सीटवर वाढली?" हा प्रश्न पहिला महिनाभर रोज. सूनबाई वाद घालत नाहीत, त्यांनी चिऊला सीटमध्ये ठेवलं आणि गाडी सुरूच केली नाही. गाडी सोसायटीच्या गेटात, मागे हॉर्न, चिऊचा भोंगा, ही तोंड फुगवून. मी वही काढली. 50 च्या वेगानं गाडी धडकली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर अंगावरचा जोर वजनाच्या साधारण चौदा पट होतो. चिऊ 13 किलो. म्हणजे हिच्या हातांतून 180 किलोचा ओढा सुटायला बघणार, आणि हिला गिरणीवरून दहा किलोचं दळण आणवत नाही. हिनं वही बघितली, चष्मा काढला आणि म्हणाली, "तुमची आकडेमोड घरात ठेवा." पण त्या दिवसानंतर मांडीचा विषय निघाला नाही. वेग दुसऱ्या रीतीनं सांगायचा तर 50 ची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली पडणं. हे मात्र मी हिला सांगितलं नाही. ती बाल्कनीत कपडे वाळत घालायचं सोडून देईल.

मागचा पट्टा हा आमच्याकडचा जुनाच घोळ. पुढे बसलो की लावायचा, मागे बसलो की पाठीखाली दाबून ठेवायचा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी धडकली, तेव्हा पुढचे दोघं वाचले आणि मागचे दोघं गेले. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते. तेव्हा आठवडाभर सगळ्या सोसायटीत चर्चा, आणि आठवड्यानंतर पट्टे पुन्हा पाठीखाली. कायदा तर आहेच. मोटार वाहन कायद्याच्या 194-ब कलमात 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना बसवलं तर 1,000 रुपये दंड आहे. नळ स्टॉपला मला पीयूसी तीनदा विचारलं गेलंय, चिऊच्या सीटबद्दल एकदाही नाही.

गाडी घेताना लोक सुरक्षेचे तारे विचारतात, ते चांगलंच आहे. गाड्या धडकवून बघून हे तारे देणारं आपलं भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं. त्यात मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे, हे शोरूममधला माणूस आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं. समोरची धडक 64 च्या वेगानं देतात आणि दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे मागे ठेवतात. ते पुतळे नीट बसवलेल्या सीटमध्ये असतात, कोणाच्या मांडीवर नसतात. मुलांचे तारे हे गाडी आणि सीट दोन्ही मिळून आहेत. आम्ही ज्या टेकडीवर रोज सकाळी फिरायला जातो, तिचं नावच एआरएआय टेकडी. ती संस्था 1966 सालची, गाड्यांच्या चाचण्यांसाठीची. गेटासमोरून गेली पंधरा वर्षं जातोय आणि मुलांच्या सीटचा विचार पहिल्यांदा आला तो नात झाल्यावर.

जानेवारीत वाईहून येत होतो. ढोल्या गणपतीला हिनं नारळ वाढवला, एक न फोडलेला घरी आणायला ठेवला. खंबाटकीचा बोगदा झाला, शिंदेवाडी गेली, कात्रजचा नवा बोगदा संपला आणि तो उतार लागला. पुण्यातल्या माणसाला नवले पुलाचा उतार सांगायला नको. बोगद्यातून बाहेर पडलेले ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. मुलगा डाव्या बाजूनं 40 नं चालला होता. पुढच्या टेम्पोनं कारण नसताना ब्रेक मारला, मुलानंही मारला. टायर ओरडले. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला नारळ उडून माझ्या सीटच्या पाठीवर आदळला. फूटभर उजवीकडे असता तर हिच्या डोक्यात.

मी वळून पाहिलं. चिऊचं डोकं पुढे गेलं आणि परत आलं, पट्ट्याच्या दोन गाद्यांमध्ये. ती झोपेतून उठली, नारळाकडे बघून म्हणाली, "बाप्पा पडला." आजीच्या छातीवर पट्ट्याचा वळ होता, घरी जाऊन हळद लावली. धडक झाली नाही, नुसता ब्रेक. सीट बदलायची की नाही याची शंका आली म्हणून पुस्तक वाचलं. धडक झाली असती तर बदलायची, नुसत्या ब्रेकनं नाही. तरी घरी जाऊन सगळे हुक, शिवणी तपासल्या. काही हललं नव्हतं. त्या फळीवर आता टिश्यूचा डबासुद्धा ठेवू देत नाही.

आता तक्रारी. कापड गरम होतं. एप्रिलात उन्हात उभी गाडी उघडली की बकलची धातूची जीभ चटका देते, म्हणून माझा जुना पंचा कायम सीटवर पसरलेला असतो. कव्हर धुवायला काढलं की पट्टे पुन्हा ओवताना तासभर गेला. काढायच्या आधी फोटो काढा, मी काढला नव्हता. सीट 11 किलोची आहे, एका गाडीतून दुसरीत हलवायची म्हणजे माझ्या कंबरेचं काम नाही. आयसोफिक्सच्या कड्यांवर सीट आणि मूल मिळून 33 किलोची मर्यादा असते, तेही ध्यानात ठेवायला लागतं.

आणि बकल. दिवाळीनंतर एक दिवस ते टक वाजेना. घालावं आणि निसटावं. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तेल घालू का?" मी म्हटलं, अजिबात नाही, तेलावर धूळ बसते. सीट काढून उलटी केली, झटकली, टॉर्च मारली. आत चिवड्यातला एक पोहा आडवा बसला होता. टूथपिकनं काढला, टक. तेव्हापासून गाडीत चिवडा बंद, यावर आजी आणि नात दोघी माझ्यावर नाराज आहेत.

सीटला पाचपैकी चार. उन्हाळ्याचा आणि कव्हरचा मिळून एक कापला. मागच्या दारांचं चाइल्ड लॉकही त्याच दिवशी लावून घ्या; दार उघडल्यावर कडेला नखाएवढी कळ असते, किल्लीच्या टोकानं फिरते. आमचं पाच वर्षं उघडंच होतं.

चिऊ परवा 94 सेंटिमीटर भरली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मी 105 ला पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय. ती रोज टाचा उंचावून उभी राहते आणि मी रोज टाचा खाली करायला सांगतो.