गादी सरकल्यावर: मशीन, व्यायाम, वस्ताद की ऑपरेशन?

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. बावीस वर्षं गादीवर मांडी घालून बसलो आणि गेल्या हंगामात मणक्यातलीच गादी सरकली. निमित्त किरकोळ. सौदा उरकला होता, 10 किलोचा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, रांगेबाहेर राहिलेला, तो बसल्या जागेवरून वळून उचलायला गेलो. कमरेत काहीतरी निसटल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी कंबर बरी आणि कळ डाव्या पोटरीत. नुसती शिंक आली तरी पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट.

तेव्हापासून गल्लीत मी या दुखण्याचा जाणकार झालोय. आठ दिवसांपूर्वी हुपरीहून मेहुणा आला, काखेत एमआरआयचं भलंमोठं पाकीट. चांदीकाम करणारा माणूस, दिवसभर वाकून बसायचं. "दाजी, एक म्हणतोय मशीनवर या, एक म्हणतोय ऑपरेशन करा, शेजारी म्हणतोय तालमीत वस्तादाकडं चल, दोन मिनिटांत बसवतोय. मी काय करू सांगा." त्याला चहा देऊन जे सांगत बसलो, ते इथं लिहितोय.

आधी त्या पाकिटाबद्दल. गादी 'सरकते' हा आपला शब्दप्रयोग. खरं तर ती जागची हलत नाही. बाहेरचं चिवट कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर डोकावतो, पोळी लाटताना कडेनं पुरण बाहेर यावं तसा. तो शेजारच्या नसेला टेकला, तिथं सूज आली, की पायात कळ. कमरेत असे 5 मणके, पण बहुतेक भानगड शेवटच्या दोन जागी होते: एल4-एल5 आणि एल5-एस1 (एल म्हणजे कमरेचा मणका, एस1 म्हणजे त्याखालच्या त्रिकास्थीचा पहिला). तुमच्याही रिपोर्टात यांपैकीच एखादं नाव असेल.

रिपोर्टातल्या भाषेनं घाबरू नका. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय पाहिले, तेव्हा विशीतल्या 30 टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली सापडली आणि ऐंशीतल्या 84 टक्क्यांमध्ये. म्हणजे फोटो एक सांगतो, पाय दुसरंच सांगतो. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं. नुसत्या फुगलेल्या गादीत हे कमी घडतं, साधारण 13 टक्के. पण फुटून बाहेर आलेल्या गादीत 70 टक्के, आणि तुकडा सुटा झाला असेल तर 96 टक्के. रिपोर्ट जितका भयंकर, तितकी आपोआप आटपण्याची शक्यता जास्त! हे कळलं त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपलो.

म्हणून वाट बघण्याला किंमत आहे. मात्र काही लक्षणांत वाट बघायचीच नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि जांघेचा भाग बधीर झाला, तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पायाची ताकद उतरत चालली असेल, तर एक-दोन दिवसांत सर्जन. कोल्हापुरात यासाठी साधी परीक्षा आहे: चप्पल पायातून निघून मागं राहते का? टाचेवर चाललं की पंजा वर उचललेला राहतो का? चवड्यावर चालता येतं का? यात एक पाय कमी पडला, तर पुढचं सगळं नंतर वाचा.

मशीन आणि व्यायाम, दोन्हीला फिजिओच म्हणतात

खरी फसगत इथं आहे. "फिजिओथेरपी केली, काही फरक नाही पडला" असं म्हणणाऱ्या दहा जणांना विचारा नेमकं काय केलं. बहुतेक जण सांगतील शेक, करंट, ट्रॅक्शन, म्हणजे मशीननं कंबर ताणणं.

मीही आधी तिथंच गेलो. नाव घेत नाही. दहा बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ. रोज एक पोरगा टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी कमरेखाली सरकवायचा, मग चार चिकट पट्ट्या आणि गुदगुल्या करणारा करंट, मग छाती आणि कंबर पट्ट्यांनी आवळून ट्रॅक्शन. टायमर लावला की तो मोबाईलमध्ये. टेबलावर पडून मी छताच्या पंख्याची पाती मोजायचो. दहा दिवसांत एकदाही कुणी माझा पाय उचलून पाहिला नाही. टेबलावरून उठताना बरं वाटायचं, हे खोटं बोलणार नाही. पण शाहूपुरीतून घरापर्यंत स्कूटरवर आलो की कळ पोटरीत परत हजर.

शेकानं ताठलेले स्नायू सैल पडतात, तेवढं ते खरं. बाकी मशिनींची बाजू लंगडी आहे. ट्रॅक्शनवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा कंबरदुखीत त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शनात 2016 पासून कंबरदुखी आणि सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणारी कळ) ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि करंटची मशिनं देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. कमरेच्या पट्ट्यालाही तिथं जागा नाही. माझा पट्टा आता माळ्यावर आहे. लांबच्या एसटी प्रवासात तेवढा काढतो, मनाच्या समाधानाला.

दुसरी जागा राजारामपुरीतली, एका खोलीची. मशीन नावाला एक. मॅडम तिशीच्या. म्हणाल्या, "काका, दुखतंय कुठं ते एका बोटानं दाखवा." मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. निम्म्यावर आला आणि मी ओरडलो. पायाचा अंगठा दाबून ताकद बघितली. अर्धा तास यातच गेला. मग म्हणाल्या, पोटावर झोपा. आता कोपरांवर या. आता हात सरळ करून छाती उचला, कंबर मात्र ढिली सोडा, जड पोत्यासारखी. दहा वेळा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: "कळ आता कुठवर आहे?"

पहिल्या दहांत पोटरीतच. दुसऱ्या दहांत गुडघ्यामागं. तिसऱ्या खेपेला कळ कुल्ल्यात येऊन थांबली आणि कंबर मात्र आधीपेक्षा जास्त दुखायला लागली. मी घाबरलो, त्या हसल्या. पायातली कळ वर वर सरकून कमरेकडं गोळा व्हायला लागली की समजायचं दिशा बरोबर आहे, कंबर थोडी जास्त बोलली तरी चालेल. कळ उलट खाली उतरायला लागली तर ती हालचाल आपली नव्हे. माझ्या सगळ्या उपचाराची किल्ली याच एका खुणेत होती, आणि पॅकेजवाल्यांनी ती कधी विचारलीच नव्हती.

ही खूण ध्यानात आली ती योगायोगानं. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला 1956 साली रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडं एक पेशंट आला. टेबलाचं डोकं वर केलेलं होतं आणि तो चुकून त्याच्यावर पालथा झोपला, म्हणजे कंबर मागं वाकलेली. मॅकेन्झी परतले तेव्हा त्याच्या पायातली कळ कित्येक दिवसांत पहिल्यांदा थांबली होती. आपल्याकडं जोर मारणाऱ्याला ही हालचाल नवी नाही. भुजंगासनाचीच जवळची बहीण, फक्त इथं पाठीनं काम करायचं नाही, हातांनी करायचं.

पण माझी हालचाल तुमची असेलच असं नाही. माझ्या आईला सत्तरीत नसांची वाटच अरुंद झालीय. तिला मागं वाकलं की पाय भरून येतात आणि पुढं वाकून बसलं की आराम. तिनं माझा व्यायाम केला असता तर दुखणं वाढलं असतं. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून परस्पर सुरू करण्यात हाच धोका आहे: व्यायाम चुकीचा नसतो, माणूस चुकीचा असतो. सूर्यनमस्काराचंही तेच. ताज्या दुखण्यात पुढं वाकायचे टप्पे नसेला ताण देतात. नंतर खुशाल घाला.

मी सहा आठवड्यांत चारच वेळा मॅडमकडं गेलो, दर खेपेला 400 रुपये. बाकी घरी, देव्हाऱ्यासमोर चटई टाकून, दर दोन तासांनी दहा वेळा. अडतीवर सतरंजी टाकून पालथा पडलो की हमाल हसायचे. जोडीला रंकाळ्यावर चालणं, सुरुवात पाच मिनिटांची. गादीवरची मांडी मोडली, खुर्ची घेतली, आणि अर्ध्या तासाला उभं राहायचं.

व्यायामाची बढाईही मारणार नाही. त्यानं गर आत ढकलला जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एका पद्धतीचा व्यायाम दुसरीपेक्षा फार सरस, असंही ठरलेलं नाही. शरीर तुकडा जिरवत असतं त्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही हिंडते-फिरते राहता, स्नायू सुकत नाहीत आणि भीती जाते, हा त्याचा लाभ. उलट पडून राहण्याचा काहीच लाभ नाही. 1999 मध्ये डच डॉक्टरांनी सायटिकाच्या 183 पेशंटांवर हे तपासलं. दोन आठवडे पलंगावर काढणाऱ्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर बरं वाटलं नाही. "फळीवर झोप आणि हलू नको" हे आमच्या आईचं फर्मान तिथंच निकालात निघालं.

वस्ताद

तालमीतल्या मालिशीला मी नावं ठेवणार नाही, या गावात राहून ठेवणारही कशी. तेलाचा हात ज्याला आहे त्याच्याकडून ताठलेली पाठ सैल करून घ्या. पण पाठीवर पाय देणं, मान-कंबर झटक्यानं पिळणं, 'खट' झालं की "बसली बघ गादी" म्हणणं, हे नको. तो आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा, गादीशी त्याचा संबंध नाही. गर नसेला टेकलेला असताना झटका द्यायचा म्हणजे जुगार. खरा जाणता वस्ताद पायात मुंग्या आहेत म्हटल्यावर हात लावत नाही, हे मी गंगावेशीत स्वतः पाहिलंय.

इंजेक्शन, ऑपरेशन

कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांची उसंत देतं. रात्रभर झोप नाही, व्यायामही करवत नाही, अशा वेळी ती उसंत कामाला येते. त्याहून जास्त अपेक्षा नको.

ऑपरेशनची भीती मात्र आपल्याकडं अवास्तव आहे. "मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो" हे गल्लीतलं शहाणपण. आजकाल छोट्या छेदातून, दुर्बिणीखाली, नसेवर बसलेला तेवढा तुकडा काढतात. बहुतेक जण एक-दोन दिवसांत चालत घरी जातात. 2007 साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड ते तीन महिने पायाची जबर कळ सोसलेले 283 पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले: एकाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला औषध-व्यायाम आणि वाट बघणं. ऑपरेशनवाले साधारण 4 आठवड्यांत बरे झाले, थांबलेले साधारण 12 आठवड्यांत. वर्षानं मात्र दोन्हीकडं 95 टक्के लोक आपण बरे आहोत म्हणत होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षाच्या आत अखेर ऑपरेशन करावं लागलं, हेही लक्षात घ्या.

म्हणजे ऑपरेशन तुम्हाला विकतं ते आठ आठवडे. ते घ्यायचे का, हे तुमच्या पोटापाण्यावर ठरतं. मला अडतीवरून पगार चालू होता, मालक समजूतदार, मी थांबलो. शिरोलीच्या फाउंड्रीत रोजंदारीवर मोल्डिंग करणाऱ्याला दोन महिने परवडत नसतील, तर दीडेक महिना प्रामाणिक व्यायाम करूनही फरक नाही म्हटल्यावर त्यानं ऑपरेशन केलं तर त्यात कमीपणा कसला? खर्चाची धास्ती असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. महात्मा फुले योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, आपलं ऑपरेशन बसतं का ते त्यालाच विचारा. आणि ऑपरेशननंतरही तुकडा पुन्हा येण्याची शक्यता शंभरात पाच ते पंधरा जणांना राहतेच, त्यामुळं व्यायाम तेव्हाही सुटत नाही.

फिजिओ निवडताना फोनवर एकच विचारा: "पहिल्या दिवशी तपासायला किती वेळ देता?" उत्तर पॅकेजच्या दरानं सुरू झालं तर फोन ठेवा.

एवढं सगळं मेहुण्याला ऐकवलं. त्याला पटलंही. उद्याच मॅडमकडं जातो म्हणाला आणि उठला. दारातून बाहेर पडताना त्याची डावी चप्पल उंबऱ्याशीच राहिली. तो दोन पायऱ्या उतरून गेला तरी त्याला पत्ता नाही. बहीण म्हणजे माझी बायको म्हणाली, "अरे, चप्पल." मी त्याला परत बोलावलं आणि व्हरांड्यात टाचांवर चालायला लावलं. उजवा पंजा वर राहिला. डावा फरशीवर फटकन आपटला, तीन वेळा.

व्यायामाचं माझं प्रवचन तिथंच गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन सर्जनकडं गेलो. त्यांनी पाकीट बाजूला ठेवून आधी पाय तपासला आणि दोन दिवसांत तुकडा काढला. काल हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर कॉरिडॉरमध्ये चालत होता. म्हणाला, "दाजी, कळ गेली, पंजा अजून पुरता उचलत नाही. त्या तुमच्या मॅडमचा नंबर द्या."