फ्रेम एक नंबर, पण माझ्या लिबियन माणसाचा रंगच बदलून टाकला!

तीन स्टार. पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर एकच दिला असता. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण काका माणूस म्हणून चांगले आहेत, बडोद्यात मांडवीकडे फोटो प्रिंट आणि फ्रेमिंगची जी जुनी दुकानं आहेत त्यातलंच एक समजा.

झालं असं की सुट्टीत भाचा आला होता, त्याला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ममी दाखवायला नेलं (बडोद्यात कुणाकडे पाहुणा आला की हे असतंच), तर तिथे उभा राहून विचारतो, मावशी, इजिप्तच्या शेजारी कोण राहायचं? मला काही सांगता येईना. मग घरी येऊन शोधत बसले आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांमध्ये जी अडकले ती महिनाभर. हे लोक स्वतःला इमाझिघेन म्हणतात, एकटा माणूस असेल तर अमाझिघ. बर्बर हे नाव ग्रीकांकडून आलेलं, ज्यांचं बोलणं कळत नाही ते नुसतं बरबर करतात म्हणून, आणि आपल्या संस्कृतातही बर्बर म्हणजे रानटीच की! म्हणजे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं आणि जुनी चित्रंही बरीचशी दुसऱ्यांनीच काढलेली.

तर तीन चित्रं प्रिंट करून फ्रेम करायला टाकली. एक इजिप्तचा राजा पहिला सेती याच्या थडग्यातलं, बेल्झोनी नावाच्या इटालियन शोधकाने १८१७ मध्ये शोधलेलं ते थडगं, त्यात भिंतीवर इजिप्शियन, आशियाई, नुबियन आणि लिबियन (म्हणजे बर्बरांचे पूर्वज) असे चार प्रकारचे लोक काढलेत, त्यावरून मिनुटोली नावाच्या माणसाने १८२० च्या सुमारास केलेली नक्कल मला हवी होती. दुसरं अल्जेरियातल्या तासिली न'अज्जेरच्या खडकावरचं, घोडे पाय ताणून अक्षरशः उडतायत आणि मागे रथ. तिसरा ब्रिटिश म्युझियममधल्या ब्रॉन्झच्या डोक्याचा फोटो, लिबियातल्या सायरीन या जुन्या ग्रीक शहरात, अपोलोच्या देवळात सापडलेलं, इ.स.पू. ३०० च्या आसपासचं, कुरळे केस, बारीक दाढी-मिशी, बर्बर माणूस म्हणूनच ओळखतात त्याला.

चार दिवसांनी आणायला गेले. कागद उलगडला आणि बघतच राहिले. लिबियन माणूस, ज्याला इजिप्तवाले तेमेहू म्हणायचे, तो मूळ चित्रात फिकट गोरा आहे, डोक्यात पिसं, कानापाशी वेणीसारखी बट, हातापायांवर गोंदण, अंगावर समोरून उघडा लांब झगा. माझ्या प्रिंटमध्ये चारही जण एकाच छान सोनेरी तपकिरी रंगाचे! गोंदण तर गायबच, डाग समजून पुसलेलं. काका म्हणाले, "बेन, फोटो झांखो हतो एटले सुधारी आप्यो." अहो पण सुधारायला सांगितलं कुणी? मशीनवर ऑटो करेक्शन मारलं आणि मोकळे.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. अहो त्या रंगावरूनच तर दोनशे वर्षं भांडणं चाललीयत. हे लोक गोरे दिसतात म्हणजे युरोपातून आले असं म्हणणारे कितीतरी झाले. मला स्वतःला ते पटत नाही, कारण इजिप्शियन चित्रकार आपल्याच घरातला पुरुष तांबूस आणि बाई पिवळट रंगवायचे, म्हणजे तो रंग ओळखीची खूण होती, आधारकार्डाचा फोटो नव्हे. हाडं वेगळंच सांगतात. मोरोक्कोत ताफोराल्तच्या गुहेत साधारण १५,००० वर्षांपूर्वीची माणसं सापडली, त्यांचा डीएनए २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पश्चिम आशियाकडचा धागा आहे आणि सहाराच्या खालचा पण, नंतर शेतीच्या काळात स्पेनच्या बाजूनेही माणसं येऊन मिसळलेली दिसतात. म्हणजे मूळ तिथलंच, आणि वरून शेजारपाजारचं येत गेलेलं. आणि हे शेजारी नुसते चित्रात उभे राहायला नव्हते हं, फराओ तिसऱ्या रामसेसने मेदिनेत हाबूच्या देवळावर मेश्वेश या लिबियन टोळीच्या लोकांना हरवल्याचं एवढं मोठं कोरून ठेवलं, आणि पुढे दोनेकशे वर्षांनी त्याच मेश्वेशांच्या घराण्यातला शेशोंक इजिप्तचा फराओ झाला! अमाझिघ लोकांचं आताचं कॅलेंडर त्याच्याच नावाने इ.स.पू. ९५० पासून मोजतात, बनवलं मात्र १९८० मध्ये, पॅरिसमध्ये बसून.

बरं, एक गोष्ट खरी, चित्र उठून दिसावं म्हणून रंगाशी खेळायची खोड एकट्या मांडवीची नाही. तासिलीला १९५६ मध्ये आंरी लोत या फ्रेंच संशोधकाची टीम गेली तेव्हा नकला करायच्या आधी खडक पाण्याने ओले करायचे, रंग तेवढ्यापुरता खुलायचा आणि कायमचा फिका पडायचा. हे काकांना सांगितलं तर ते हसले, पण दुसऱ्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत.

दुसरी प्रिंट मी समोर उभी राहून काढून घेतली, करेक्शन बंद, आधी छोटा प्रूफ, मॅट पेपर. गोंदण पण दिसतंय आता, डाव्या दंडावरचं तर अगदी स्पष्ट. ब्रॉन्झचं डोकं थोडं काळपट आलंय पण चालेल. फ्रेमिंगला मात्र तोड नाही, सागाची साधी पट्टी, कोपरे असे जुळवलेत की नख फिरवलं तरी लागत नाही, मागे नीट टेप, आत माउंट दिलाय त्यामुळे कागद काचेला चिकटत नाही. बडोद्यातल्या पावसाळ्यात ज्यांचे फोटो काचेला चिकटलेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

जाणार असाल तर काहीही सुधारू नका हे ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी सांगू नका. दुपारी एक ते चार शटर बंद. गाडी लांब लावावी लागते. आणि ती बिघडलेली प्रिंट भाच्याने मागून घेतली, त्याच्या मते त्यात चौघं भाऊ वाटतात.